एक्सएमएल आहे म्हणून फाईल ‘ओपन’ होत नाही, साहेब

प्रति,
माहिती तंत्रज्ञान विभाग, महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई
आणि राज्यात जिथे जिथे अर्जांचे ‘नमुने’ तयार होतात त्या सगळ्या टेबलांना

सप्रेम नमस्कार.

मी तालुक्याच्या गावात कचेरीसमोर टायपिंग, झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान चालवतो. बावीस वर्षं झाली. सुरुवात पेजमेकर आणि श्रीलिपीवर लग्नपत्रिका करण्यापासून झाली, आता लग्नपत्रिका व्हॉट्सॲपवर गेल्या आणि माझ्याकडे अर्ज उरले. दिवसाला तीस-चाळीस माणसं येतात, कुणाला दाखला पाहिजे, कुणाला कसल्या योजनेचा प्रस्ताव भरायचाय, आणि त्यातल्या निम्म्या लोकांकडे वर्डची एक फाईल असते, पेनड्राईव्हवर नाहीतर फोनमध्ये. दुकानात तीन कॉम्प्युटर आहेत, एकावर विकत घेतलेलं एमएस ऑफिस, बाकी दोन उबुंटू (विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली) आणि लिब्रेऑफिस (एमएस ऑफिससारखं फुकट सॉफ्टवेअर) यांवर चालतात. तीन लायसन परवडत नाहीत, आणि चोरीचं टाकायचं आता वय राहिलं नाही.

हे पत्र लिहायचं कारण एक वाक्य. मध्यंतरी आमच्यासारख्या दुकानदारांचं एक प्रशिक्षण झालं, तिथे मी उभं राहून विचारलं की नमुने डॉकएक्समध्येच, म्हणजे वर्डच्या फाईलमध्येच, का देता, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ते मोडतात. तर व्यासपीठावरचे साहेब म्हणाले, अहो डॉकएक्स आता ओपन फॉरमॅट आहे, आत सगळं एक्सएमएल असतं, आयएसओचा शिक्का आहे, तो विषय केव्हाच संपला. लोकांनी माना डोलावल्या, चहा आला, मीही खाली बसलो. (एक्सएमएल म्हणजे खुणा लावून साध्या अक्षरांत लिहिलेला मजकूर, ओपन फॉरमॅट म्हणजे ज्याची रचना सगळ्यांना खुली आहे असा, आणि आयएसओ म्हणजे स्टँडर्ड ठरवणारी जागतिक संस्था.) पण विषय संपलेला नाही, निदान माझ्या दुकानात तरी रोज सकाळी नव्याने सुरू होतो.

आधी मार्चअखेरची एक दुपार सांगतो. एका बचत गटाच्या ताई आल्या, मसाल्याच्या युनिटचा प्रस्ताव होता, नऊ पानांचा नमुना, पहिल्याच पानावर लाल अक्षरात लिहिलेलं की नमुन्यात काहीही बदल केल्यास प्रस्ताव अपात्र. पाच वाजेपर्यंत जमा करायचा होता आणि ताई आल्या अडीचला. वर्डवाल्या मशीनवर दुसरं काम चालू होतं म्हणून मी फाईल उबुंटूवर उघडली. नऊची बारा पानं झाली. खर्चाचा तक्ता उजवीकडून पानाच्या बाहेर गेला, त्यामुळे ‘एकूण रक्कम’ हा रकानाच गायब. होय-नाहीचे चौकोन दिसत होते पण क्लिक केलं तर ढिम्म. आणि शेवटचं घोषणापत्राचं पान बघितलं तर इंग्रजी अक्षरं, कंस, स्लॅश, टक्क्याच्या खुणा, सगळी खिचडी. ताई म्हणाल्या, “दादा, हे पान इंग्रजीत आहे का? मग आम्हाला सही कशावर करायला सांगतायत?” म्हटलं ताई, हे इंग्रजीत नाही, हे कुठल्याच भाषेत नाही.

मग वर्डवर उघडली. पानं नऊ झाली, तक्ता जागेवर आला, चौकोनांसाठी वर पिवळी पट्टी येऊन परवानगी मागायला लागली, ती दिली की टिक होऊ लागल्या. पण शेवटचं पान तिथेही खिचडीच! कारण ते कुणीतरी जुन्या शिवाजी फॉन्टमध्ये टाईप केलेलं आणि तो फॉन्ट माझ्या नव्या मशीनवर नव्हता. माळ्यावरची जुनी सीडी काढून फॉन्ट टाकला तेव्हा कुठे ‘मी असे घोषित करते की’ दिसलं. चार चाळीसला ताई प्रिंट घेऊन पळत गेल्या. फाईल कोणत्या ऑफिसची होती ते सांगत नाही, कारण कुणाचंही नाव घातलं तरी चालेल अशी परिस्थिती आहे.

त्या रात्री मी ती फाईल फोडली. फोडली म्हणजे, डॉकएक्स ही मुळात झिप फाईलच असते, नावातलं शेपूट बदलून झिप केलं की उघडते. साहेबांचं म्हणणं तिथपर्यंत शंभर टक्के खरं आहे. आत ‘वर्ड’ नावाचं फोल्डर, त्यात डॉक्युमेंट, स्टाईल्स, सेटिंग्ज, फॉन्टटेबल अशा एकेक एक्सएमएल फाईली, नोटपॅडमध्ये उघडा आणि वाचा. जुन्या डॉक फाईलच्या मानाने हे फारच चांगलं आहे, ती फाईल म्हणजे बंद पेटी होती, तिचं बारकाव्यांसकट वर्णन मायक्रोसॉफ्टने सगळ्यांसाठी खुलं केलं ते २००८ मध्ये. तेव्हा डॉकएक्सला सरसकट शिव्या घालायला मी बसलेलो नाही.

पण आत काय सापडलं ते ऐका. ते होय-नाहीचे चौकोन ॲक्टिव्हएक्सचे, म्हणजे फाईलमध्ये बसवलेल्या मायक्रोसॉफ्टच्या छोट्या प्रोग्रामचे, होते. त्यासाठी एक वेगळं फोल्डर, त्यात प्रत्येक चौकोनामागे एक छोटीशी एक्सएमएल फाईल आणि तिच्या शेजारी ‘बिन’ शेपटाची एक बायनरी, म्हणजे माणसाला वाचता न येणारी, फाईल. एक्सएमएलमध्ये काय लिहिलंय, तर ‘खरा माल त्या बिनमध्ये आहे’. म्हणजे पाकिटावर पत्ता मराठीत आणि आत पत्र भलत्याच लिपीत. आणि ॲक्टिव्हएक्स ही विंडोजचीच चीज, मॅकवरच्या वर्डमध्येसुद्धा ती चालत नाही, म्हणजे त्याच कंपनीचं तेच सॉफ्टवेअर दुसऱ्या मशीनवर घेतलं तरी आमच्या ताईंचा टिकमार्क पडणार नाही. आता तर ऑफिस २०२४ पासून मायक्रोसॉफ्टनेच सुरक्षेच्या कारणाने ॲक्टिव्हएक्स आपोआप बंद ठेवायला सुरुवात केलीय. ज्यांनी बनवलं त्यांनी दाराला कडी घातली आणि आपले नमुने अजून त्याच दारातून लोकांना बोलावतायत.

तक्त्याजवळ एक गणिताचं सूत्र होतं, ते असंच ‘एम्बेडिंग्ज’ नावाच्या फोल्डरमध्ये बिन फाईल होऊन बसलेलं. वरचा लोगो विंडोजच्याच जुन्या चित्र-फॉरमॅटमध्ये. मजकुरात गटाचं नाव ताईंच्या आधी कुणीतरी टाईप करून खोडून परत टाईप केलेलं, तर तो एक शब्द तीन तुकड्यांत कापलेला, प्रत्येक तुकड्याला वेगळी खूण आणि मधे स्पेलिंग तपासल्याच्या नोंदी. माझ्या भाच्याने एकदा अशा दोनशे अर्जांतून नावं आपोआप काढायचा प्रोग्राम लिहायला घेतला होता, दोन दिवसांनी म्हणाला, मामा, हाताने काढलेली बरी.

आणि सगळ्यात शेवटी घोषणापत्राचं पान. ते बघताना मात्र मला साहेबांना फोन करावासा वाटला. एक्सएमएल एकदम शुद्ध! प्रत्येक खूण उघडलेली, प्रत्येक खूण बंद केलेली, कुठल्याही तपासणीत पैकीच्या पैकी मार्क मिळतील. आणि त्या खुणांच्या मधे जो मजकूर आहे तो म्हणजे निव्वळ कचरा. कारण शिवाजी, कृतीदेव हे फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या घरात मराठी अक्षरांची चित्रं भाड्याने ठेवलेली. कॉम्प्युटरच्या लेखी तिथे मराठी नाहीच, इंग्रजी एम आणि कंस आणि टक्केच आहेत, फॉन्ट काढून घेतला की मुखवटा गळून पडतो. त्यातही पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते आणि आधीच साठवली जाते, म्हणजे क्रमसुद्धा डोळ्यांना दिसतो तसा, भाषेचा नाही. असल्या मजकुरात शोध लागत नाही, आंधळ्या माणसाला कॉम्प्युटर तो वाचून दाखवू शकत नाही, भाषांतर होत नाही, उद्या पन्नास वर्षांनी दप्तरखान्यातून कुणी काढलं तर वाचता येणार नाही. फाईल एक्सएमएल, फॉरमॅट आयएसओ, आणि मजकूर बेवारस. हे पान ओडीटीमध्ये, म्हणजे लिब्रेऑफिसच्या फाईलमध्ये, सेव्ह केलं असतं तरी तसंच बेवारस राहिलं असतं, तेव्हा हा दोष मायक्रोसॉफ्टच्या माथी मारण्यात अर्थ नाही, हा आपला घरचा आहे. युनिकोडच (ज्यात मराठी अक्षरांना स्वतःचे क्रमांक असतात) वापरा म्हणून सरकार कित्येक वर्षं सांगतंय, पण रेमिंग्टनच्या टाईपरायटरवर ज्यांची बोटं तयार झाली ते जुन्या फाईलवर जुना मजकूर कॉपी-पेस्ट करून नवा नमुना काढतात, मीही दहा वर्षांपूर्वीपर्यंत तेच करायचो.

आता शिक्क्याचं बोलू, कारण साहेबांचा सगळा भर त्यावर होता. तो शिक्का कसा मिळाला हे जरा आठवा. ऑफिसच्या फाईलींसाठी ओडीएफ नावाचं स्टँडर्ड (ओडीटी त्यातलीच) आधीच होतं, २००५ मध्ये ओएसिस या संस्थेने मान्य केलं, २००६ मध्ये आयएसओने. मग मायक्रोसॉफ्टने आपलं ऑफिस ओपन एक्सएमएल (डॉकएक्स त्यातलंच) आणलं, डिसेंबर २००६ मध्ये ते एक्मा या संस्थेकडून मंजूर करून घेतलं आणि फास्ट ट्रॅकने आयएसओकडे पाठवलं. कागदपत्र किती, तर सहा हजार पानं. सप्टेंबर २००७ च्या मतदानात ते पडलं, मुख्य सदस्य देशांपैकी दोन तृतीयांशांची संमती लागत होती ती ५३ टक्क्यांवरच अडकली. मग फेब्रुवारी २००८ मध्ये जिनिव्हात पाच दिवस बैठक झाली, साडेतीन हजारांवर आलेल्या हरकतींवर! पाच दिवसांत साडेतीन हजार, आमच्या ग्रामसभेतसुद्धा इतक्या वेगाने ठराव होत नाहीत. त्यानंतर एप्रिलच्या सुरुवातीला ते पास झाल्याचं जाहीर झालं.

आणि त्यात आपला देश कुठे होता? भारताने, म्हणजे ब्युरो ऑफ इंडियन स्टँडर्ड्सने, दोन्ही वेळा ‘नाही’ म्हटलं. नुसतं नाही म्हणून थांबले नाहीत, दक्षिण आफ्रिका, ब्राझील, व्हेनेझुएला यांच्याबरोबर भारतानेही त्या निकालाविरुद्ध अपील केलं, ते ऑगस्ट २००८ मध्ये फेटाळलं गेलं. ज्या शिक्क्याला आपल्याच देशाने हरकत घेतली होती, तोच शिक्का प्रशिक्षणात आम्हाला दाखवून गप्प करतात ही गंमतच आहे.

हरकती काय होत्या हे एक-दोन उदाहरणांत सांगतो म्हणजे एक्सएमएलचा मुद्दा कळेल. त्या पहिल्या कागदपत्रात अशा खुणा होत्या की ‘वर्ड ९५ सारखी जागा सोडा’, ‘वर्ड ९७ च्या नियमाने ओळ मोडा’. नाव लिहिलंय, खूण छान एक्सएमएलमध्ये आहे, पण वर्ड ९५ नेमकी कशी जागा सोडायचं हे सांगितलेलंच नाही. म्हणजे पाककृतीच्या पुस्तकात ‘मसाला आईसारखा घाला’ एवढंच लिहिलेलं. आई त्यांचीच, आपण काय करणार? एक्सेलमध्ये तर अजून मजा, १९०० हे लीप वर्ष नव्हतं, पण लोटस १-२-३ या जुन्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली चूक एक्सेलने मुद्दाम सांभाळली आणि ती स्टँडर्डच्या मसुद्यातही शिरली. आजही एक्सेलमध्ये २९ फेब्रुवारी १९०० टाका, बिनतक्रार घेतं, करून बघा.

जिनिव्हानंतर यावर तोडगा निघाला तो असा की दोन प्रकार करायचे, एक ‘स्ट्रिक्ट’, म्हणजे नवीन फाईलींसाठी स्वच्छ, आणि एक ‘ट्रान्झिशनल’, म्हणजे जुनं ओझं सांभाळणारा, तात्पुरता. ऐकायला उत्तम. आता आपल्या ऑफिसातल्या वर्डमध्ये सेव्ह ॲज दाबून यादी बघा. सगळ्यात वर जे नुसतं वर्ड डॉक्युमेंट आहे ते ट्रान्झिशनल. खाली कुठेतरी ‘स्ट्रिक्ट ओपन एक्सएमएल डॉक्युमेंट’ असं वेगळं नाव दिसेल, तेही लिहिता येऊ लागलं ऑफिस २०१३ पासून. माझ्या दुकानात आलेल्या हजारो फाईलींत स्ट्रिक्टमधली एकही आलेली मला आठवत नाही. तात्पुरत्या शेडमध्ये भरणारी शाळा पंधरा-सोळा वर्षं शेडमध्येच भरते हे आपल्याकडे नवीन नाही म्हणा.

आणि एक्सएमएल आहे म्हणजे पेटंटची भानगड नाही, हाही एक गोड गैरसमज आहे. आयफोरआय नावाच्या कॅनडातल्या छोट्या कंपनीने वर्डमधल्या कस्टम एक्सएमएलवरून, म्हणजे स्वतःच्या खुणा घालायच्या सोयीवरून, मायक्रोसॉफ्टवरच केस टाकली, २००९ मध्ये टेक्सासच्या ज्युरीने आयफोरआयच्या बाजूने कौल दिला, २०११ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात मायक्रोसॉफ्ट हरली आणि सुमारे २९ कोटी डॉलरचा फटका बसला. मधल्या काळात वर्डमधून ती सोय काढून टाकावी लागली. एक्सएमएल हे २००५ किंवा २००६ चं नाही, १९९८ पासून सगळ्या जगाला फुकट आहे, पण त्यात काय भरायचं आणि कसं वापरायचं त्यावर कुणाचा तरी हक्क असू शकतो. उलट पीएनजी चित्राची फाईल बघा, आत सगळं बायनरी, नोटपॅडमध्ये एक अक्षर वाचता येणार नाही, तरी जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर ती हुबेहूब उघडतं. कारण तिचं वर्णन पूर्ण आहे, आटोपशीर आहे आणि बनवणाऱ्या सगळ्यांनी ते पाळलंय. तेव्हा फाईल नोटपॅडमध्ये वाचता येते का हा प्रश्नच चुकीचा आहे, विचारायचं ते हे की दुसऱ्या कुणाला तसंच्या तसं सॉफ्टवेअर बनवता येतं का.

आता तुमच्यातला कुणी म्हणेल हा लिब्रेऑफिसवाला आहे, ओडीएफचं कौतुक करणार. करतो, पण डोळे उघडे ठेवून. ओडीएफच्या पहिल्या आवृत्त्यांत स्प्रेडशीटची सूत्रं कशी लिहायची हेच धड ठरवलेलं नव्हतं. त्यामुळे २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००७ ला ओडीएफ उघडायची सोय दिली तेव्हा ओपनऑफिसमधल्या शीटची सूत्रं उडायची आणि नुसते आकडे राहायचे, दोघं एकमेकांकडे बोट दाखवत होते आणि दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं. सूत्रांचा भाग नीट आला तो ओडीएफ १.२ मध्ये, २०११ ला. लिब्रेऑफिससुद्धा मुकाट्याने आपल्या जास्तीच्या खुणा घालून ‘एक्स्टेंडेड’ प्रकारात सेव्ह करतं, सेटिंगमध्ये जाऊन बघा. आणि ओडीटीमध्येही मी मंगल फॉन्ट लावून दिला तर मंगल नसलेल्या मशीनवर दुसरा फॉन्ट येणार, ओळी सरकणार, पानं वाढणार. फरक एवढाच की ओडीएफ एका कंपनीच्या एका सॉफ्टवेअरच्या कित्येक वर्षांच्या सवयी पाठीवर घेऊन जन्मलेलं नाही, म्हणून दुसऱ्याला ते बनवणं जमतं.

केंद्र सरकारचं याबाबत धोरण आहे, नोव्हेंबर २०१० चं, ई-गव्हर्नन्ससाठीच्या ओपन स्टँडर्ड्सचं. त्यात एक्सएमएल पाहिजे अशी अट घालून ते मोकळे झालेले नाहीत. पेटंटचे पैसे नकोत, सांभाळणारी संस्था नफ्यासाठी नसावी आणि तिथे सगळ्यांना सहभागी होता यावं, एकाच तंत्रज्ञानाला बांधलेलं नसावं, आणि जिथे लागू असेल तिथे भारतीय भाषांचा आधार असावा, असं ते मागतात. या शेवटच्या कलमाकडे तुमचं लक्ष मुद्दाम वेधतो. डॉकएक्समध्ये मराठीच्या अक्षरांचा आकार आणि ठळकपणा इंग्रजीपेक्षा वेगळ्या खुणांमध्ये लिहिला जातो, आपली लिपी तिथे ‘कॉम्प्लेक्स’ गटात आहे. फाईल बनवणाऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरने फक्त इंग्रजीची खूण लिहिली की नाव-गाव मराठीत बारीक आणि शेजारचा आधार नंबर मोठा असले प्रकार होतात. हे मी रोज बघतो, अहवालात लिहिलेलं वाचून सांगत नाही.

बाहेर काय झालंय तेही सांगतो. ब्रिटन सरकारने जुलै २०१४ मध्ये ठरवलं की ज्या कागदपत्रांवर लोकांबरोबर मिळून काम करायचं ती ओडीएफमध्ये, आणि जी फक्त वाचायची ती एचटीएमएल नाहीतर पीडीएफमध्ये. जर्मनीच्या श्लेस्विग-होल्स्टाईन राज्याने २०२४ मध्ये जाहीर केलं की ३०,००० कॉम्प्युटर लिब्रेऑफिसवर नेणार. आपल्याकडे उद्या सगळं बदला असं मी म्हणत नाही, मंत्रालयातल्या माणसाला त्याचं वर्ड लखलाभ, त्याची बोटं त्यावर बसलीयत.

मला एवढंच पाहिजे. बाहेर जाणारा नमुना वेबसाईटवर चढवण्याआधी एकदा, फक्त एकदा, विंडोज नसलेल्या मशीनवर लिब्रेऑफिसमध्ये उघडून बघा, आणि एकदा फोनवर, कारण निम्मे लोक फोनवरच उघडतात. मोडला तर दुरुस्त करून मग चढवा. भरायचा नमुना असेल तर डॉकएक्सच्या शेजारी ओडीटीची लिंक द्या, आणि ओडीटीत आलेला अर्ज ‘नमुन्यात बदल’ म्हणून बाद होणार नाही असं एका ओळीत लिहा, ती ओळ फार महत्त्वाची आहे, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. नुसतं वाचायचं परिपत्रक असेल तर पीडीएफ, पण प्रिंट काढून स्कॅन केलेलं तिरकं पीडीएफ नको. चौकोन पाहिजे तर चौकोनाचं अक्षर टाका, लोक त्याच्या जागी बरोबरची खूण टाकतील, ॲक्टिव्हएक्स कशाला? फॉन्ट असा घ्या जो कुणालाही फुकट आणि कायदेशीर मिळतो, मुंबईच्याच ‘एक टाईप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेला मुक्ता आहे, गुगलचा नोटो आहे. आणि युनिकोड नसलेला नमुना चढवायचाच नाही, वेबसाईटनेच तो परत पाठवावा, झिप उघडून फॉन्टटेबल बघणं हे प्रोग्रामला अर्ध्या सेकंदाचं काम आहे, माझा भाचा लिहून देईल, फुकट.

ताईंचा प्रस्ताव पुढे गेला की नाही अजून कळलं नाही, त्या परवा मिरच्या द्यायला आल्या होत्या, म्हणाल्या दादा, आता दुसरा नमुना आलाय, सुधारित. मी लगेच उघडून बघितला. चौकोन अजून ॲक्टिव्हएक्सचेच आहेत, घोषणापत्र मात्र युनिकोडमध्ये आलंय. अर्धं काम झालं. उरलेल्या अर्ध्यासाठी तुमच्यापैकी कुणाला त्या फाईलचं पोट आतून बघायचं असेल तर दुकान सकाळी नऊ ते रात्री नऊ उघडं असतं, गुरुवारी बंद.

आपला,
कचेरीसमोरचा टायपिंगवाला